पडाउकचा लाल रंग मेपलवर उतरला, तेव्हा

आफ्रिकन पडाउक हे कॅमेरून, गॅबन, काँगोच्या जंगलातलं लाकूड. ताजं कापलं की केशरी-लाल, डोळ्यात भरणारं. आपला बिवळा आणि रक्तचंदनही याच टेरोकार्पस प्रजातीतले.

पेटीच्या झाकणात मी पडाउकशेजारी पांढरट मेपलची पट्टी बसवली. पॉलिशपेपर मारताच लाल भुसा मेपलच्या रंध्रांत शिरला आणि पट्टी गुलाबी दिसू लागली. अशा वेळी स्पिरिटने पुसू नका. पडाउकचा रंग अल्कोहोलमध्ये विरघळतो, डाग उलट पसरतो.

मी घासणं थांबवलं आणि धारदार स्क्रेपरने (खरवडायच्या पात्याने) लाकडाच्या रेषांच्या दिशेने पातळ साली काढल्या. मेपल पुन्हा स्वच्छ झालं. उरलेला भुसा व्हॅक्यूमने ओढून घेतला. वरचा लेप, म्हणजे लॅकरही ब्रशने नाही, स्प्रेने दिलं. अगदी हलके हात, आधीचा पूर्ण वाळल्यावरच पुढचा. ब्रश फिरला की रंग पुन्हा ओढला जातो.

उजेडात हा लाल रंग हळूहळू तपकिरी होतोच. यूव्ही (अतिनील) किरण रोखणारं फिनिश फक्त थोडा वेळ मिळवून देतं. तरी लाकूड फार गुणी. वाळल्यावर फारसं फुगत-आकसत नाही, आणि ठोकलं की असं खणखणीत वाजतं की मारिम्बा या काठ्यांनी वाजवायच्या वाद्याच्या पट्ट्याही त्याच्या करतात. भुशाने काहींच्या त्वचेला, डोळ्यांना त्रास होतो, तेव्हा मास्क आणि चष्मा लावाच.