युक्रेनचं लोकगीत आणि आजचा बीट: एआयच्या मदतीने फ्यूजन कसं करावं

एआयला ‘युक्रेनी लोकगीत, टेक्नो बीट’ एवढं सांगितलं की मिनिटाभरात गाणं तयार होतं. कानाला बरंही वाटतं. पण ते कुठल्या गावचं, कुठल्या प्रसंगाचं, कुणाच्या तोंडचं, याचा त्यात पत्ता नसतो. इथे सांगितलेला रस्ता उलटा आहे. गाणं खऱ्या गावाचं घ्यायचं, एआय वापरायचं ते त्या गाण्याची उकल करायला, आणि नवा साज चढवताना मूळ सुरांना धक्का लावायचा नाही. वेळ जास्त लागतो, पण युक्रेनी कलाकारांचं चांगलं काम याच वाटेनं झालंय. कीवचा दाखाब्राखा हा गट २००४ पासून गावाकडच्या गाण्यांशी चेलो आणि आफ्रिकी ढोल जोडतो. गो_ए या गटाने २०२१च्या युरोव्हिजन या युरोपीय गीतस्पर्धेत ‘शुम’ हे गाणं वसंतगीताच्या आधारावर उभं केलं आणि पाचवा क्रमांक मिळवला. पुढच्याच वर्षी कालुश ऑर्केस्ट्राने रॅपच्या जोडीला सोपिल्का ही लाकडी बासरी घेतली आणि स्पर्धा जिंकली.

आधी गाणं निवडा

युक्रेनमध्ये गाण्याला ऋतू आणि काम असतं. वेस्न्यांका वसंतात गातात, कोल्यादका नाताळात, श्चेद्रिव्का नववर्षाच्या आदल्या संध्याकाळी. मध्य युक्रेनमधली अनेक आवाजांची गाणी संथ आणि मोकळ्या लयीची असतात. द्निप्रोपेत्रोव्स्क भागातल्या कोसॅक गाण्यांना २०१६ मध्ये युनेस्कोने तातडीने जपायच्या वारशाच्या यादीत घेतलं. ती ऐकायला अप्रतिम आहेत, पण सुरुवातीला हाती घेऊ नका. मृतासाठीचे विलाप तर बीटवर कधीच चढवू नका.

पहिल्या प्रयोगाला कार्पेथियन डोंगरातली, हुत्सुल लोकांची कोलोमिय्का घ्या. तिची ओळ चौदा अक्षरांची, चार-चार-सहा अशी तुटणारी. शेवटच्या सहांतली दोन अक्षरं लांबवली जातात, त्यामुळे एक ओळ नेमकी आठ मात्रांत बसते, म्हणजे केरव्याचं एक आवर्तन किंवा हाउस संगीताचे दोन बार. आधुनिक ठेक्यात बसवायला ओढाताण करावीच लागत नाही.

रेकॉर्डिंग आणि हक्क

सुरुवात पॉलिफोनी प्रोजेक्ट या ऑनलाइन संग्रहापासून करा. हंगेरियन संगीतकार मिक्लोश बोट यांच्या पुढाकाराने युक्रेनच्या गावोगावी झालेली ही ध्वनिमुद्रणं आहेत. प्रत्येक गायिकेला वेगळा मायक्रोफोन दिलेला असल्याने एकेक आवाज सुटा ऐकता येतो. निव्वळ अभ्यासासाठीसुद्धा यात आठवडा घालवावा. एक बाई खालचा सूर धरून ठेवते, दुसरी वर जाते, मध्येच दोघी एका सुरावर येतात. हे आवाज एकत्र ऐकताना निसटून जातं.

वापरण्याआधी परवान्याच्या अटी वाचा आणि शंका असेल तर संग्रहाला पत्र लिहून विचारा. लोकगीताची चाल सगळ्यांची असली, तरी ते विशिष्ट रेकॉर्डिंग सगळ्यांचं नसतं. मिकोला लेओंतोविच यांच्या ‘श्चेद्रिक’चं उदाहरण बघा. लोकगीताच्या चार सुरांच्या आकृतीवर त्यांनी बांधलेली ही रचना १९१६ मध्ये कीवमध्ये प्रथम गायली गेली. मूळ शब्दांत एक पाकोळी घरधन्याला भरभराटीची वार्ता देते. १९३६ मध्ये पीटर विल्हाउस्की यांनी तिला घंटांविषयीचे इंग्रजी शब्द दिले आणि जगाला तेवढंच माहीत झालं. चाल, मांडणी, शब्द, रेकॉर्डिंग: चारींचे हक्क निरनिराळे असू शकतात, म्हणून चारींची नोंद वेगवेगळी ठेवा.

आवाज वेगळे करा

सुटे ट्रॅक मिळाले तर ही पायरी सोडून द्या. एकत्र रेकॉर्डिंग असेल तर डीमक्स हे मोफत साधन वापरा. अल्टिमेट व्होकल रिमूव्हर या प्रोग्रॅममधून ते सहज चालतं. गाणं आवाज, ड्रम, बेस आणि बाकीचं असं चार भागांत फुटून येतं. ही मॉडेल्स मुख्यतः आजच्या पॉप-रॉकवर शिकलेली आहेत, त्यामुळे सोपिल्काचे सूर आवाजात घुसतात आणि लिरा या चाक फिरवून वाजवायच्या वाद्याचा सतत घुमणारा खर्ज दोन-तीन भागांत विखुरतो. चारही भाग शांतपणे ऐका. आवाज धातूसारखा चिरकला असेल तर वेगळं करण्याचा हट्ट सोडून मूळ मिश्रणच वापरा आणि आपला साज हलका ठेवा.

सूर ओळखा

ही पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. वेगळा केलेला आवाज बेसिक पिच या स्पॉटिफायच्या मोफत साधनात टाका. ब्राउझरमध्येच मिडी फाइल (सुरांची संगणकाला वाचता येणारी नोंद) मिळते आणि सुरांमधली घसरणही त्यात उतरते. एका वेळी एकच आवाज द्या, नाहीतर गोंधळ होतो.

आता षड्ज शोधा. अनेक हुत्सुल चालींत कोमल गंधार, तीव्र मध्यम, शुद्ध धैवत आणि कोमल निषाद सापडतो. मधुवंती ऐकलेल्या कानाला ही सप्तकाची चौकट लगेच उमगेल: मधुवंतीतला निषाद कोमल केला की हेच स्वर होतात. कर्नाटक पद्धतीत हा हेमवतीचा मेळ. रागाचं चलन अर्थातच वेगळं, पण मराठी श्रोत्याला ही आयती किल्ली आहे.

तीच किल्ली कॉर्ड निवडताना उपयोगी पडते. षड्ज डी धरला तर पॉपमधला नेहमीचा डी मायनर, बी फ्लॅट, एफ, सी हा क्रम इथे अडखळतो, कारण बी फ्लॅट म्हणजे कोमल धैवत आणि गाण्यात धैवत शुद्ध आहे. त्याऐवजी डी मायनर आणि ई मेजर यांच्यात ये-जा करा. ई मेजरमधला जी शार्प हाच तो तीव्र मध्यम. किंवा कॉर्ड अजिबात नकोत, नुसता षड्ज-पंचम धरून ठेवा. मला हे दुसरंच जास्त आवडतं.

गावातल्या बायका छातीतून, गळा मोकळा सोडून गातात. या गायकीला तिथे ‘पांढरा आवाज’ म्हणतात. त्यांचे सूर पियानोच्या पट्ट्यांवर तंतोतंत बसत नाहीत, आणि त्यातच त्यांचं तेज आहे. ऑटोट्यून, म्हणजे सूर आपोआप सरळ करणारं साधन, बंद ठेवा. त्यांचा षड्ज थोडा खाली असेल तर सिंथेसायझर तेवढा उतरवा. तानपुरा गायकाच्या सुराला लावतात, तसंच हे.

लय आणि साज

गायिकांना मेट्रोनोमच्या ठरावीक ठोक्यावर ओढण्यापेक्षा मेट्रोनोमच त्यांच्या मागे चालू द्या. रीपर या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये ओळीगणिक टेम्पोची (वेगाची) खूण टाकता येते. ॲबलटन लाइव्ह या तशाच प्रोग्रॅममध्ये त्या क्लिपलाच टेम्पोची लीडर करता येतं, म्हणजे बाकी सगळं तिच्या वेगाने चालतं. ‘शुम’ मुद्दाम ऐका: गाणं हळूहळू वेग घेत जातं आणि सगळा नाच त्या चढत्या वेगात आहे.

साजासाठी सुनो किंवा स्टेबल ऑडिओ ही संगीत तयार करणारी एआय साधनं वापरायला हरकत नाही, पण मागणी नेमकी करा. वेग, ताल, फक्त ड्रम आणि बेस, गायन नको, चाल नको, कॉर्ड नकोत. ‘युक्रेनी’ हा शब्द मागणीत घालूच नका. युक्रेन तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये आहेच. मिळालेल्या आठ-दहा तुकड्यांतून एखादाच घ्या आणि जिथे गाणं श्वास घेतं तिथे ठेका काढून टाका.

एआयने लोकवाद्य दिलं तर ते पारखून घ्या. बालालायका ऐकू आली तर काढा, ते रशियन वाद्य आहे. त्रेंबिता ही साधारण तीन मीटर लांबीची, भूर्जाच्या सालीत गुंडाळलेली लाकडी तुतारी. तिला भोकं नसतात, म्हणून फक्त नैसर्गिक स्वरमालेतले सूर निघतात. तुमची ‘त्रेंबिता’ भराभर सरगम वाजवत असेल तर ती खोटी आहे. शक्य असेल तर सोपिल्का किंवा बांदुरा हे तंतुवाद्य वाजवणाऱ्या युक्रेनी कलाकाराला मानधन देऊन दोन ओळी वाजवून घ्या. एआयचे दहा तुकडे त्यांची बरोबरी करणार नाहीत.

एक मर्यादा मी कडक पाळायला सांगेन: गावातल्या आजींचा आवाज क्लोन करून त्यांनी कधी न गायलेले शब्द त्यांच्या तोंडी घालू नका.

शब्द

अर्थ समजल्याशिवाय पुढे जाऊ नका. व्हिस्पर हे बोलणं लिहून काढणारं एआय साधन युक्रेनी भाषा लिहून काढतं, पण हुत्सुल बोलीतला शब्द ते प्रमाण भाषेतल्या जवळच्या शब्दाने बदलू शकतं. चॅटबॉटकडून शब्दाशब्दाचा अर्थ घ्या, बोलीतले शब्द वेगळे काढायला सांगा आणि ती यादी युक्रेनी माणसाला दाखवा. नवीन कडवं एआयकडून लिहून घेतलंत तर आघात, म्हणजे शब्दातल्या कुठल्या अक्षरावर जोर येतो ते, तपासून घ्या. युक्रेनीत आघाताची जागा ठरलेली नसते, आणि चौदा अक्षरं भरली तरी आघात चुकला की ओळ लंगडते.

प्रसिद्ध करताना

वर्णनात गाव, प्रांत, गाणाऱ्यांची नावं, संग्रह आणि रेकॉर्डिंगचं वर्ष लिहा. एआयने काय केलं तेही एका ओळीत सांगा. गावाचं नाव ही किरकोळ बाब नाही. १९८६च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतर उत्तर युक्रेनच्या पोलिस्स्या भागातली कितीतरी गावं रिकामी झाली, तिथली गाणी माणसांबरोबर पांगली. आता युद्धाने आणखी गावं उठवली आहेत.

तारीखही बघून निवडा. कोलोमिय्का वर्षभर चालते. श्चेद्रिव्का असेल तर जुन्या लेखांतली १३ जानेवारी धरू नका: ऑर्थोडॉक्स चर्च ऑफ युक्रेनने २०२३ मध्ये नवं कॅलेंडर स्वीकारल्यापासून नाताळ २५ डिसेंबरला आणि श्चेद्रिव्कांची संध्याकाळ ३१ डिसेंबरला येते. वेस्न्यांका मात्र बर्फ वितळू लागेपर्यंत राखून ठेवा.