ट्यूब अ‍ॅम्पसाठी स्पीकर: या वेळी विसरायचं नाही

मागच्या वेळी मी माहितीपत्रकावरचा ९२ डेसिबल (एक वॅट दिल्यावर एक मीटरवर स्पीकर किती मोठ्याने वाजतो तो) हा एकच आकडा बघितला आणि स्पीकर उचलून आणले. अ‍ॅम्प माझा काचेच्या ट्यूबवर चालणारा, सिंगल-एंडेड (म्हणजे आवाजाची अख्खी लहर एकच ट्यूब पेलते), ३००बी नावाच्या ट्यूबचा, जेमतेम ८ वॅटचा. पहिल्याच संध्याकाळी डबल बास लावला, तर एक सूर टम्म फुगलेला आणि पुढचे दोन जवळजवळ गायब. ट्रम्पेट जोरात आले की सगळा आवाज चुरगळायचा. म्हणून ही यादी.

रंग आणि लाकूड तुमचं तुम्ही बघा. खोली मोजा, स्पीकरचं खुर्चीपासूनचं अंतरही मोजा; किती आवाज लागेल ते त्यावर ठरतं.

मग वॅटचा हिशेब. वॅट दुप्पट केले की वाढतात फक्त ३ डेसिबल. म्हणजे ८७ डेसिबलचा स्पीकर ९७च्या बरोबरीने वाजवायचा तर दहापट वॅट लागतात, माझ्या ८च्या जागी ८०. आणता कुठून? ३००बीला मी आता ९५च्या खाली बघत नाही. २ए३ ट्यूबवाल्यांनी, ज्यांच्याकडे साडेतीन वॅटच आहेत, सरळ हॉर्नकडे, म्हणजे कर्ण्यासारख्या तोंडाच्या, कमी वॅटमध्ये मोठ्याने वाजणाऱ्या स्पीकरकडे वळावं.

आता ओहम. मी विसरलो ते हेच. स्पीकरवर छापलेले ‘८ ओहम’ नावापुरते असतात. खरा आकडा प्रत्येक सुराला बदलतो. म्हणून इम्पीडन्सचा, म्हणजे कोणत्या सुराला स्पीकर विजेला किती ओहम विरोध करतो त्याचा, आलेख मागा. विकणारा म्हणेल, ‘काही फरक पडत नाही.’ ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पला फारसा पडत नसेलही. ट्यूब अ‍ॅम्पचा, त्यातही फीडबॅक (बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा थोडा भाग आत परत देऊन चूक सुधारणं) नसलेल्याचा, स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स २-३ ओहम असू शकतो, आणि मग आलेखात जिथे डोंगर तिथे आवाज वर, जिथे दरी तिथे खाली. माझ्या स्पीकरचा डोंगर ३० ओहमचा होता, दरी ३ची. अडीच ओहमचा अ‍ॅम्प धरला तर नुसत्या या चढउताराने साडेचार डेसिबलचा फरक पडतो. तो फुगलेला सूर बरोबर डोंगरावर बसला होता.

आणि ते ९२? तेही खरे नव्हते. मोजमाप २.८३ व्होल्टला केलेलं. ८ ओहमला तो १ वॅट होतो, ४ ओहमला २. माझे स्पीकर ४ ओहमचे, म्हणजे हातात आले ८९. हे मागच्या पानावर बारीक अक्षरात छापलं होतं, मी वाचलं नाही. तुम्ही वाचा. आलेख मागा, सगळ्यांत खालचा आकडा बघा, ५-६ ओहमच्या खाली जात असेल तर सोडून द्या. अ‍ॅम्पच्या मागच्या ४ ओहमच्या टॅपला (तेवढ्या ओहमच्या स्पीकरसाठीच्या जोडणीला) जोडून थोडं सुधारतं, पण डोंगर-दऱ्या तशाच राहतात. आलेख नाही म्हणाले तर स्पीकरही नको म्हणा.

स्पीकरची पेटी मोठी येणार हे घरात आधीच सांगून ठेवा. छोटी पेटी, खोल बास आणि जास्त कार्यक्षमता, यांतली दोनच मिळतात.

ऐकायला जाताना स्वतःचा अ‍ॅम्प न्या, कितीही जड असला तरी. गाणं न लावता कान स्पीकरजवळ न्या. ९९-१०० डेसिबलचा स्पीकर अ‍ॅम्पची गुणगुण चव्हाट्यावर आणतो. वायरचं नंतर बघू. स्पीकर जोडल्याशिवाय अ‍ॅम्प चालू करू नका, त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर (ट्यूब आणि स्पीकर जोडणारा भाग) जळू शकतो. आणि निघताना खिशात आलेख आहे ना, बघा.