'लगेजेस', 'हेअर्स', 'ॲडव्हाइसेस': इंग्रजी नामांतल्या या चुका टाळा

"आय हॅव टू लगेजेस." "प्लीज शेअर द इन्फर्मेशन्स." "वी बॉट न्यू फर्निचर्स." अंधेरी-बीकेसीतल्या ऑफिसांत ही वाक्यं मेलमध्ये आणि इंटरव्ह्यूत सर्रास येतात. गंमत म्हणजे मराठीत आपण ही चूक करत नाही. 'माहित्या' कुणी म्हणत नाही, आणि सामान मोजायचं तर दोन बॅगा म्हणतो. इंग्रजीतही तेच करा: 'टू बॅग्ज', 'सम इन्फर्मेशन'. अशा मोजता न येणाऱ्या नामाआधी 'अ' लागत नाही, शेवटी 'एस' लागत नाही आणि क्रियापद एकवचनी राहतं: 'द फर्निचर इज न्यू'. 'इक्विपमेंट', 'होमवर्क', 'सॉफ्टवेअर', 'फीडबॅक' हेही याच पंगतीतले.

खरी फसगत होते ती मराठीत अनेकवचन असतं तिथे. केस गळतात, सल्ले मिळतात, बातम्या येतात. मग तोंडातून 'हेअर्स', 'ॲडव्हाइसेस', 'न्यूज आर' निघतं. बरोबर रूपं अशी: 'माय हेअर इज फॉलिंग आउट', 'शी गेव्ह मी सम ॲडव्हाइस', 'द न्यूज इज गुड'. एकच सल्ला सांगायचा तर 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस' म्हणता येतं, पण जिथे तिथे 'पीस ऑफ' चिकटवलं की बोलणं पुस्तकी वाटतं, 'सम' पुरतं. मिसळीत एखादा केस सापडला, तर मात्र 'अ हेअर' अगदी बरोबर!

काही शब्द अर्थ बदलला की मोजता येतात. रोजचं काम 'वर्क', पण 'पब्लिक वर्क्स डिपार्टमेंट'मधली 'वर्क्स' म्हणजे बांधकामं. बायोडेटात 'फाइव्ह इयर्स ऑफ एक्सपीरियन्स' लिहा. 'एक्सपीरियन्सेस' म्हणजे आलेले वेगवेगळे अनुभव. कोरा कागद 'पेपर', परीक्षेचे 'पेपर्स'.

डब्यात जागा नसेल तर 'देअर इज नो प्लेस' नव्हे, 'देअर इज नो रूम'. 'प्लेस' म्हणजे ठिकाण. बसायलाच जागा नसेल तर 'नो सीट्स'. विरार-चर्चगेट प्रवास 'अ लाँग ट्रॅव्हल' होत नाही. तो 'अ लाँग जर्नी', आणि रोज कामासाठी करत असाल तर 'कम्यूट'. 'माय मदर इज अ गुड कुकर' हे तर कटाक्षाने टाळा: आई 'कुक', शिट्ट्या देतो तो 'कुकर'.

'टू मेनी ट्रॅफिक' चुकीचं, 'टू मच ट्रॅफिक' बरोबर. 'ट्रॅफिक जॅम्स' मात्र मोजता येतात, म्हणून तिथे 'मेनी'. बोलता बोलता अडलात तर 'अ लॉट ऑफ' वापरा, ते दोन्हीकडे चालतं.

लिहिताना शंका आली तर लर्नर्स डिक्शनरी, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा शब्दकोश उघडा. तिथे मोजता येणाऱ्या नामापुढे 'सी' आणि न येणाऱ्यापुढे 'यू' असतं. दोन्ही खुणा दिसल्या, तर आपल्याला हव्या त्या अर्थाखालचं उदाहरण वाचा आणि तेच रूप उचला.