वर्गातल्या डिजिटल बोर्डाबद्दल शाळेशी कसं बोलावं

'शाळेत सारखं स्क्रीनच दाखवतात' अशी मोघम तक्रार घेऊन गेलात, तर 'आजकाल हे लागतंच हो' एवढ्यावर बोळवण होते. मिनिटं, अंतर आणि वही, या तीन गोष्टींवर बोला.

आधी आठवडाभर मुलाच्या वेळापत्रकावरच पेन्सिलीने टिपा: कोणत्या तासिकेला बोर्ड लावला आणि अंदाजे किती वेळ. 'काय बघितलंस?' यापेक्षा 'वहीत काय लिहिलंस?' हा प्रश्न कामाचा. पाच-सात मिनिटांचं अ‍ॅनिमेशन, मग प्रश्नोत्तरं, मग वहीत आकृती, अशी तासिका असेल तर हरकत घेऊ नका. हृदयाच्या कप्प्यांतून रक्त कसं फिरतं ते खडूपेक्षा असं लवकर कळतं. भागाकार मात्र हातानेच व्हायला हवा. अर्धा तास सलग व्हिडिओ आणि शेवटी 'पडद्यावरचं उतरवून घ्या', ही तासिका नक्की मांडा. केंद्राच्या 2020 च्या 'प्रज्ञाता' सूचनांचा आधार घेणार असाल तर जपून. पहिली ते आठवीसाठी दिवसाला 30 ते 45 मिनिटांची जास्तीत जास्त दोन सत्रं, ही मर्यादा घरून चालणाऱ्या ऑनलाइन वर्गांसाठी होती, वर्गातल्या बोर्डासाठी नव्हे.

पालकसभेला गेलात की शेवटच्या बाकावर बसा आणि बोर्ड लावायला सांगा. 75 इंची (हे माप तिरकं मोजतात) बोर्डाची उंची साधारण 93 सेंमी असते. मजकूर वाचायचा तर उंचीच्या सहापट, म्हणजे साडेपाच मीटर, यापेक्षा लांब बसू नये असा ढोबळ हिशोब आहे. मोठ्या वर्गात मागचे बाक त्यापलीकडे जातात. अक्षर मोठं करणं हा फुकटातला उपाय. पण विकत घेतलेल्या तयार धड्यांत ते बहुधा मोठं होत नाही, तेव्हा मुख्य मुद्दे शिक्षकांनी फळ्यावर लिहावेत. मग खिडकीकडच्या कोपऱ्यातून बघा. बोर्डाच्या काचेवर उजेडाचा पांढरा पट्टा उमटत असेल, तर त्या बाजूच्या मुलांना अर्धी ओळ दिसतच नाही. त्या खिडकीला पडदा लावा, बोर्डासमोरची एखादी ट्यूब बंद करा; सगळे दिवे घालवू नका. काळोखात वही दिसत नाही, आणि लख्ख बोर्ड व अंधारी वही यांत नजर सारखी फिरवून डोळे थकतात.

तरीही मूल डोळे बारीक करून बघत असेल किंवा शेजाऱ्याच्या वहीतून उतरवत असेल, तर बोर्डाला दोष देण्याआधी डोळे तपासून घ्या. मुलांनी रोज मोकळ्या उजेडात वेळ घालवला तर लघुदृष्टी (लांबचं धूसर दिसणं) येण्याचा धोका कमी होतो. म्हणून खेळाची तासिका कापून संगणकाची घातली असेल, तर त्याबद्दल जरूर भांडा.

संगणक कक्षात चालू यंत्रं मोजा. एका यंत्रावर तिघं बसत असतील तर माऊस बहुतेक एकाच्याच हातात राहतो. दर दहा मिनिटांनी जागा बदलायला सांगा. संगणकाचा पडदा डोळ्यांपासून हातभर अंतरावर, त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली, आणि पाय टेकलेले हवेत. लहान मुलांचे पाय लोंबकळतात, तिथे पाट ठेवला तरी भागतं.

गृहपाठ फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा अ‍ॅपवर येत असेल, तर तो वहीत लिहून देण्याची मागणी करा. आईबाबांचा फोन संध्याकाळी घरी असेलच असं नाही. अ‍ॅप सक्तीचं असेल तर ते कोणती माहिती घेतं आणि शाळा सोडल्यावर ती पुसणार का, हे लेखी विचारा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची तरतूद आहे. ती टप्प्याटप्प्याने लागू होते आहे आणि शाळांना काही सवलतीही आहेत. पण आधार क्रमांक आणि फोटो कशाला हवा, हे विचारायला कायद्याची वाट बघायची गरज नाही.

सरकारी आणि अनुदानित शाळांत हा विषय शाळा व्यवस्थापन समितीपुढे न्या. शिक्षण हक्क कायद्यानुसार तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. विनाअनुदानित शाळेत पालक-शिक्षक संघाकडे जा. अर्ज एका पानाचा ठेवा, सोबत आठवड्याची टिपणं जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.