निळा झेंडा दिसल्यावर: ऑनलाइन सिम रेसिंगमध्ये साइड कशी द्यावी आणि कशी घ्यावी

सिम रेसिंगच्या, म्हणजे संगणकावर खेळल्या जाणाऱ्या मोटार शर्यतींच्या, ऑनलाइन मैदानात नव्याने उतरलेल्या चालकाच्या पडद्यावर निळा झेंडा पहिल्यांदा झळकतो, तेव्हा तो बहुधा दोनपैकी एक चूक करतो. एक तर दचकून भर वळणात ब्रेक दाबतो, नाही तर वाट मोकळी करण्याच्या नादात गाडी सरळ गवतात घालतो. दोन्ही वेळा त्याचा हेतू चांगला असतो आणि दोन्ही वेळा मागून येणाऱ्याची शर्यत धोक्यात येते. निळा झेंडा एवढेच सांगतो, की तुमच्यापेक्षा एक लॅप (ट्रॅकची एक पूर्ण फेरी) पुढे असलेली, किंवा वरच्या वर्गातली वेगवान गाडी तुमच्या मागे येऊन ठेपली आहे. तिला साइड द्यायची की नाही हे त्या शर्यतीचे नियम ठरवतात. ती कशी द्यावी आणि मागच्याने ती कशी घ्यावी, हे मात्र शिकावे लागते. या लेखात उदाहरणासाठी बेल्जियममधील स्पा-फ्रँकोर्शां हा ७.००४ किलोमीटर लांबीचा ट्रॅक आणि जीटी३ वर्गाच्या (रस्त्यावरच्या स्पोर्ट्स गाड्यांवर बेतलेल्या) शर्यतीच्या गाड्या घेतल्या आहेत, कारण बहुतेक प्रमुख सिममध्ये ही जोडी उपलब्ध आहे.

शर्यतीआधी: नियम वाचा, पडदा लावून घ्या

निळ्या झेंड्याचा अर्थ सगळीकडे सारखा नसतो, आणि बरेचसे वाद इथूनच सुरू होतात. फॉर्म्युला १ मध्ये लॅपने मागे पडलेल्या चालकाला पहिल्या शक्य संधीला वाट द्यावी लागते आणि झेंड्याकडे वारंवार दुर्लक्ष केल्यास दंड होतो. दूरचित्रवाणीवर तेच पाहत आलेला प्रेक्षक सिममध्ये येतो, तेव्हा समोरच्याने ताबडतोब बाजूला व्हावे असे त्याला वाटते. आयरेसिंग या सिममध्ये मात्र निळा झेंडा ही केवळ सूचना असते. तिथे मागे पडलेल्या चालकाने आपली रेषा (रेसिंग लाइन, म्हणजे ट्रॅकवरची सर्वांत वेगवान वाट) न सोडता, अडथळा न आणता गाडी चालवावी आणि सुरक्षितपणे पुढे जाण्याची जबाबदारी मागून येणाऱ्याने उचलावी, अशी अपेक्षा असते. खासगी लीगचे नियम या दोहोंच्या मध्ये कुठेही असू शकतात. त्यामुळे लीगचे नियमपत्रक उघडून निळ्या झेंड्यापुरता परिच्छेद शर्यतीपूर्वी वाचून घ्या.

त्यानंतर पडद्याकडे वळा. पुढच्या-मागच्या गाड्यांचे अंतर सेकंदांत दाखवणारा ‘रिलेटिव्ह’ तक्ता शर्यतभर डोळ्यांसमोर असायला हवा. आयरेसिंगमध्ये या तक्त्यात एक लॅप पुढे असलेल्यांची नावे लाल, एक लॅप मागे असलेल्यांची निळी आणि तुमच्याच लॅपवर असलेल्यांची पांढरी दिसतात. मागून येणाऱ्याशी जागेसाठी झुंजायचे की त्याला जाऊ द्यायचे, हे त्या रंगावरूनच कळते. आरसे, रडार (शेजारच्या गाड्या दाखवणारी खूण) किंवा स्पॉटरचा (शेजारच्या गाड्यांची सूचना देणाऱ्या सहायकाचा) आवाज यांपैकी किमान दोन साधने चालू ठेवा आणि डावी-उजवीकडे पाहण्याची बटणे स्टीअरिंगवर बोटाला सहज लागतील अशी बसवा. झेंडा ही शेवटची सूचना असते. तक्ता नीट वाचणाऱ्याला मागची गाडी पंधरा-वीस सेकंद आधीच कळलेली असते.

थोडा हिशेबही करून ठेवावा. जीटी३ गाडीला स्पाची एक लॅप मारायला साधारण २ मिनिटे १८ सेकंद लागतात, म्हणजे एका तासाच्या शर्यतीत सुमारे २६ लॅप होतात. एवढ्या वेळात कोणाला पूर्ण लॅपने मागे टाकायचे, तर दर लॅपला त्याच्यापेक्षा पाच सेकंदांहून जास्त वेगाने जावे लागेल. एकाच वर्गात इतका फरक क्वचितच असतो. याचा अर्थ असा, की तुम्हाला जो लॅपने मागे पडलेला दिसतो, तो बहुतेक वेळा गिरकी खाऊन किंवा दुरुस्तीसाठी पिटमध्ये थांबून आलेला असतो आणि त्याचा वेग जवळजवळ तुमच्याइतकाच असू शकतो. त्याला कच्चा समजून केलेली घाई अंगाशी येते.

अचानक काही करू नका, यामागचे तांत्रिक कारण

प्रत्यक्ष ट्रॅकवर नसलेली एक अडचण ऑनलाइन शर्यतीत असते. तुमच्या पडद्यावर दिसणारी दुसऱ्याची गाडी नेमकी तिथे नसते. तिची माहिती सर्व्हरमार्गे तुमच्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो, म्हणून तुमचा संगणक शेवटी मिळालेल्या माहितीवरून ती आता कुठे असेल याचा अंदाज बांधून तिथे ती दाखवतो. पुण्यात किंवा पणजीत बसून युरोपातल्या सर्व्हरवर खेळताना पिंग (माहिती सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्याचा वेळ) १५० मिलिसेकंद असेल आणि गाडी ताशी २५० किलोमीटरने धावत असेल, तर तेवढ्या वेळात ती दहा मीटरहून जास्त अंतर कापते, म्हणजे दोन गाड्यांच्या लांबीपेक्षाही जास्त. गाडी एका रेषेत, नेहमीच्या वेगाने जात असेल तोवर हा अंदाज बरोबर ठरतो. तुम्ही एकाएकी ब्रेक दाबलात किंवा स्टीअरिंग झटक्यात वळवलेत, की दुसऱ्याच्या पडद्यावर तुमची गाडी क्षणभर जुन्याच वाटेने पुढे जात राहते आणि मग एकदम जागा बदलते. तुम्हाला एक हात अंतर दिसत असताना त्याला धडक बसलेली दिसू शकते. आयरेसिंगमध्ये जोराच्या धडकेचे चार इन्सिडंट गुण (चालकाच्या नोंदीत जमा होणारे दोषगुण) दोष कोणाचा हे न पाहता दोघांच्याही नावावर लागतात.

लॅप खाणाऱ्याने (लॅपने मागे पडलेल्याने) काय करावे

समजा, तुम्ही स्टाव्हलोच्या वळणातून बाहेर पडत आहात आणि तक्त्यात लाल नाव तीन सेकंदांवर आले आहे. एवढ्यात काहीच करू नका. फक्त त्याला कुठे सोडायचे ते ठरवा. ब्लाँशिमाँ हे वेगाचे वळण आहे आणि बस स्टॉप शिकेन (लागोपाठची उलटसुलट वळणे) अरुंद आहे, तेव्हा तिथे प्रयोग नकोत. ला सूर्सच्या तीव्र वळणातही नेहमीसारखेच चालवा. तोवर अंतर एका सेकंदाच्या आत आलेले असेल. ओ रूज आणि रेदियाँ या चढाच्या वळणांतून एकामागोमाग एक जा. चढ संपल्यावर केमेलचा लांब सरळ रस्ता लागतो आणि साइड देण्याची जागा ती हीच. रेदियाँतून बाहेर पडताना गाडी आपोआप उजवीकडे सरकते. तिथेच राहा, डावी बाजू त्याच्यासाठी मोकळी ठेवा आणि तो तुमच्या दाराशी आला की एक्सलरेटरवरचा पाय किंचित उचला. ब्रेकला हात लावण्याची, म्हणजे खरे तर पाय लावण्याची, गरज नाही. तो पुढे गेला की त्याच्या मागे डावीकडे या, त्याच्या गाडीमागच्या पोकळीतून मिळणारी ओढ घ्या आणि ले कोंबच्या वळणासाठी नेहमीच्या ठिकाणी ब्रेक लावा. अशा रीतीने साइड दिल्यास माझ्या अनुभवात अर्धा सेकंदही जात नाही. तीच गाडी चार वळणे अडवून धरली, तर दोन-तीन सेकंद सहज जातात आणि टायर तापतात ते वेगळेच.

पाय उचलण्याचा क्षण महत्त्वाचा आहे. मागची गाडी शेजारी येण्यापूर्वी, आणि तेही रेसिंग लाइनवर असताना, वेग कमी करणे ही या प्रकरणातली सर्वांत घातक चूक आहे. ३० ऑगस्ट १९९८ रोजी याच स्पा ट्रॅकवर फॉर्म्युला १ च्या शर्यतीत मुसळधार पावसात आघाडीवर असलेला मायकेल शूमाकर लॅपने मागे पडलेल्या डेव्हिड कुल्टहार्डला गाठत होता. कुल्टहार्डने त्याला जाऊ देण्यासाठीच वेग कमी केला, पण पूऑं या वळणाच्या अलीकडे, रेसिंग लाइनवरच. चाकांनी उडवलेल्या पाण्याच्या पडद्यात शूमाकरला ते दिसले नाही, तो मागून आदळला, त्याचे पुढचे चाक निखळले आणि तीन चाकांवर तो पिटमध्ये परतला. पुढे काही वर्षांनी कुल्टहार्डने आपली चूक मान्य केली. सिममध्ये पावसाची शर्यत असेल तर हा प्रसंग आठवून साइड देण्याची जागा आणखी आधी निवडा.

आणखी दोन गोष्टी. एक गाडी गेली म्हणून लगेच रेषेवर परतू नका. तिच्या शेपटाला दुसरी चिकटलेली असते, आणि बहुतेक अपघात त्या दुसऱ्या गाडीशी होतात. तुम्ही स्वतः कोणाशी तरी जागेसाठी झुंजत असाल, तरी आघाडीच्या गाड्या आल्यावर झुंज एका सरळ रस्त्यापुरती थांबवा. दोघांनी एकाच बाजूला राहून दुसरी बाजू मोकळी करणे सर्वांत सोपे.

लॅप देणाऱ्याने (मागून येऊन पुढे जाणाऱ्याने) काय करावे

खरी कसोटी मागून येणाऱ्याची असते, असे माझे ठाम मत आहे. समोरच्याला मागचे अर्धवट दिसते, मागच्याला पुढचे सगळे दिसते; ज्याला जास्त दिसते त्याच्यावर जास्त भार पडणे रास्तच आहे.

पहिले काम म्हणजे समोरच्या गाडीला एक-दोन वळणे नुसते पाहणे. तो ब्रेक कुठे लावतो, वळणातून बाहेर पडताना त्याची गाडी घसरते का, त्याने आरशात पाहिल्याची काही खूण दिसते का, हे टिपा. मग जागा निवडा. पूऑंसारख्या वेगवान दुहेरी डाव्या वळणात शेजारी घुसू नका. ला सूर्सच्या आतल्या बाजूला दुरून उडी घेण्याचा मोह आवरा. समोरचा वळण घ्यायला सुरुवात करण्यापूर्वी तुमची गाडी त्याच्या दाराशी पोहोचलेली नसेल, तर ती जागा तुमची नाही. त्याऐवजी ला सूर्समधून चांगल्या वेगाने बाहेर पडा, ओ रूजमध्ये अर्ध्या सेकंदाचे अंतर राखा, आणि केमेलवर ओढीचा फायदा घेऊन पुढे निघा.

११ सप्टेंबर १९८८ रोजी इटलीतल्या मोंझाला, फॉर्म्युला १ च्या शर्यतीत, हे अंतर न राखल्याची किंमत आयर्टन सेनाने मोजली. शर्यतीला दोन लॅप उरले होते, तो आघाडीवर होता आणि गेरहार्ड बर्गरची फेरारी मागून जवळ येत होती. पहिल्या शिकेनच्या तोंडाशी ज्याँ-लुई श्लेसरची विल्यम्स ब्रेक अडकून वळणात बाहेरच्या बाजूला सरकली. जागा झाली असे समजून सेना आत शिरला, श्लेसर गाडी सावरून रेषेवर परतला आणि दोघांची टक्कर झाली. त्या हंगामातील १६ शर्यतींपैकी मॅक्लारेनने गमावलेली ही एकमेव शर्यत. समोरचा चुकतो तेव्हा तो पुढच्या क्षणी कुठे असेल, हे त्यालाही ठाऊक नसते. अशा वेळी अर्धा सेकंद थांबणे परवडते.

डिपरबद्दल वेगळे सांगायला हवे. आपल्याकडे मुंबई-पुणे महामार्गावर मागच्याने डिपर मारला, की त्याचा अर्थ ‘साइड दे’ असाच घेतला जातो. ब्रिटनमध्ये रस्त्यावर तोच डिपर अनेकदा ‘तुम्ही आधी जा’ या अर्थाने दिला जातो. ऑनलाइन शर्यतीत दोन्ही सवयींचे चालक एकत्र असतात. म्हणून सरळ रस्त्यावर, लांबून, एक किंवा दोन वेळाच डिपर द्या. त्यातून ‘मी मागे आहे’ एवढेच सांगायचे असते. आरशात सतत दिवे लुकलुकत राहिले, तर समोरचा गोंधळतो, आणि गोंधळलेला चालक नेमका अचानक काहीतरी करतो. व्हॉइस चॅट असेल तर ‘डावीकडून येतोय’ एवढे दोन शब्द पुरतात.

वेगवेगळ्या वर्गांच्या शर्यतीत हा सगळा प्रकार दर लॅपला घडतो. १३.६२६ किलोमीटरच्या फ्रान्समधल्या ल माँ ट्रॅकवर हायपरकार (तिथला सर्वांत वेगवान वर्ग) एलएमजीटी३ (जीटी३ गाड्यांचा तिथला वर्ग) गाडीपेक्षा लॅपमागे अर्ध्या मिनिटाने वेगवान असते, त्यामुळे तिला शर्यतभर गर्दीतूनच जायचे असते. पोर्शे कर्व्ह्ज या तिथल्या वेगवान वळणांच्या तोंडाशी जीटी गाडी दिसली, तर ती वळणे संपेपर्यंत मागे राहा. त्यात गमावलेला वेळ पुढच्या सरळ रस्त्यावर वसूल होतो. जीटी चालकाने तिथे एवढेच करायचे, की रोजची रेषा सोडायची नाही.

स्वतःची लॅप परत मिळवताना

नवे टायर घालून पिटमधून निघालेला मागचा चालक आघाडीवाल्यापेक्षा वेगवान असू शकतो, आणि त्याला पुढे जाण्याचा हक्क आहे. पण त्याने झुंज देऊ नये. ११ नोव्हेंबर २०१८ रोजी ब्राझीलमधल्या इंटरलागोसला, फॉर्म्युला १ च्या शर्यतीत, एस्टेबान ओकोनने आघाडीवरच्या मॅक्स वेर्स्टापेनला शेजारी गाठून आपली लॅप परत मिळवण्याचा प्रयत्न केला, दुसऱ्या वळणात दोघे भिडले, वेर्स्टापेन गिरकी खाऊन दुसऱ्या क्रमांकावर घसरला आणि लुईस हॅमिल्टन जिंकला. ओकोनला दहा सेकंद थांबण्याचा दंड झाला. सिममध्ये असा प्रसंग आला, तर आधी चॅटवर विचारा आणि त्याने सरळ रस्त्यावर जागा दिली तरच जा. तुम्ही आघाडीवर असाल, तर अशा चालकाला एकदा जाऊ देणे तुमच्याच फायद्याचे असते.

धडक झालीच तर

गाडी चालू असताना चॅटवर काहीही टंकू नका. शर्यतीचा मिनिट कागदावर लिहून ठेवा, रिप्ले जतन करा आणि तक्रार करण्यापूर्वी तो प्रसंग दुसऱ्याच्या कॉकपिटमधून पाहा. बहुतेक सिममध्ये कॅमेरा दुसऱ्या गाडीत नेता येतो. गेल्या पावसाळ्यात एका रात्रीच्या शर्यतीत ले कोंबच्या तोंडाशी मी लॅपने मागे पडलेल्या गाडीवर आदळलो आणि त्याने मुद्दाम लवकर ब्रेक लावला याबद्दल माझी खात्री होती. तक्रारीचा मजकूरही लिहून झाला होता. मग त्याच्या कॉकपिटमधून आधीच्या तीन लॅप पाहिल्या. तिन्ही वेळा त्याचा ब्रेक त्याच फलकापाशी लागत होता, चौथ्या वेळीही तिथेच लागला, आणि माझ्या गाडीचे नाक त्याच्या आरशात आले तेव्हा त्याचे स्टीअरिंग वळू लागले होते. तो मजकूर पुसून मी त्याला माफीचा निरोप पाठवला.