उधारी किती दिवसांत वसूल होते, हे मोजण्याची रीत

कोल्हापुरात शिरोलीच्या एमआयडीसीत किंवा उद्यमनगरात एखाद्या कारखानदाराला ‘बिलाचे पैसे कधी येतात?’ असे विचारले, तर ‘४५ दिवसांत’ हे उत्तर बहुधा तयार असते, कारण पर्चेस ऑर्डरवर तसेच छापलेले असते. प्रत्यक्षात रक्कम खात्यावर जमा व्हायला किती दिवस लागले, हे मात्र स्वतःच्या वह्यांवरूनच काढावे लागते.

मूळ हिशेब अगदी साधा आहे. वर्षअखेरची ग्राहकांकडील येणे बाकी घ्यावी, तिला वर्षभरातील उधारीच्या विक्रीने भागावे आणि येणाऱ्या आकड्याला ३६५ ने गुणावे. भंगाराची किंवा इतर रोखीची विक्री यात धरू नये. ती धरली तर भाजक फुगतो आणि वसुली आहे त्यापेक्षा चांगली दिसते.

खरी चूक होते ती जीएसटीपाशी. नफा-तोटा पत्रकातील विक्री कर वगळून असते, तर पार्टीच्या, म्हणजे ग्राहकाच्या, खात्यावरची बाकी करासकट असते. समजा, एका फाउंड्रीची, म्हणजे धातूचे ओतीव भाग (कास्टिंग) बनवणाऱ्या कारखान्याची, वर्षाची उधार विक्री ३ कोटी ६५ लाख रुपये आहे, म्हणजे दिवसाला १ लाख. आणि ३१ मार्चची येणे बाकी ५९ लाख आहे. सरळ भागाकार केला तर ५९ दिवस येतात. पण कास्टिंगवर १८ टक्के कर असल्याने ५९ लाखांतील ९ लाख हा करच आहे. तो वजा केला तर उरतात ५० दिवस. मी स्वतः दोन वर्षे हा हिशेब ५९ च्या पद्धतीने मांडत होतो आणि वसुली करणाऱ्या माणसाला विनाकारण बोल लावत होतो. दोन्हीकडे करासह किंवा दोन्हीकडे करविरहित रक्कम घ्यावी, एवढे पथ्य पाळले की पुरे.

तरीही वर्षाची सरासरी फसवू शकते. मार्चमध्ये माल जास्त गेला असेल, तर त्या बिलांची मुदतच संपलेली नसते. पण बाकी मात्र मोठी दिसते. गुळाच्या व्यापाऱ्याचे तर विचारूच नका. ज्याचा बहुतेक धंदा हंगामाच्या काही महिन्यांत होतो, त्याला ३६५ दिवसांच्या सरासरीतून फारसे काही कळत नाही. अशा वेळी बाकीतून एकेका महिन्याची विक्री मागे मागे वजा करत जावी. वरच्याच उदाहरणात मार्चची करासह विक्री ४७.२ लाख असेल, तर ५९ लाखांतून ती वजा करून मार्चचे पूर्ण ३१ दिवस धरावेत. उरलेले ११.८ लाख हे फेब्रुवारीच्या २३.६ लाख विक्रीच्या निम्मे आहेत, म्हणून २८ चे निम्मे १४ दिवस मिळवावेत. एकूण ४५ दिवस झाले. माझ्या मते दरमहा हीच रीत वापरावी.

मोजण्यापूर्वी बाकी साफ करून घ्यावी. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘ऑन अकाउंट’, म्हणजे कोणत्याही बिलाला न जोडता, जमा करून ठेवलेल्या रकमा त्या-त्या बिलांना लावाव्यात. ग्राहकांकडून आलेला अॅडव्हान्स येण्यातून वजा करू नये, तो वेगळा दाखवावा. बिल डिस्काउंट केले असेल, म्हणजे बँकेकडे देऊन त्याचे पैसे आधीच उचलले असतील, तर ते वह्यांतून निघून जाते आणि दिवस कमी दिसतात, ग्राहकाने मात्र अजून पैसे दिलेले नसतात. अशा बिलांची बाकी हिशेबात परत मिळवून पाहावी. रिजेक्शनच्या डेबिट नोटा, म्हणजे नाकारलेल्या मालापोटी ग्राहकाने कापलेल्या रकमेच्या चिठ्ठ्या, हा फाउंड्रीचा जुना दुखरा भाग आहे. ब्लो-होलमुळे (ओतकामात राहिलेल्या हवेच्या पोकळीमुळे) परत आलेल्या मालाची नोट महिनोन्महिने नोंदवलीच नाही, तर कधीही न येणारी रक्कम येणे म्हणून मिरवत राहते.

त्यानंतर ३०, ६०, ९० दिवसांपलीकडील बाकी पार्टीनिहाय पाहावी. एकूण आकडा ४५ असताना एकच मोठी पार्टी १२० दिवसांवर बसलेली असू शकते. कॅश क्रेडिट कर्जासाठी बँकेला द्यायच्या माल व येण्यांच्या पत्रकात (स्टॉक स्टेटमेंट) बहुतेक बँका ९० दिवसांवरची येणी धरत नाहीत, त्यामुळे अशा पार्टीचा फटका ड्रॉइंग पॉवरला, म्हणजे त्या कर्जातून उचलता येणाऱ्या रकमेच्या मर्यादेला, थेट बसतो. शिवाय त्या बिलांवरचा जीएसटी पैसे आले नसले तरी आपण भरून मोकळे झालेलो असतो.

उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म व लघु उत्पादकांना २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याचा आधार आहे: लेखी करार असला तरी ग्राहकाने पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांहून जास्त असू शकत नाही, आणि करार नसेल तर ती १५ दिवसांची असते. ही मुदत बिलाच्या तारखेपासून नव्हे, माल स्वीकारल्यापासून मोजली जाते. म्हणून पार्टीनिहाय दिवस काढताना बिलाची आणि माल पोहोचल्याची अशा दोन्ही तारखा लिहाव्यात, आणि गेटवरच्या सही-शिक्क्याची चलन प्रत त्याच बिलाला टाचून ठेवावी.