रीसलिंग घेताना लेबलवर 'सेक' बघा
रीसलिंग (एक पांढरी वाइन) म्हटलं की गोडच असणार असं बऱ्याच जणांना वाटतं, पण फ्रान्सच्या अल्सासमधलं ट्रिंबाख घराणं १६२६ पासून वाइनच्या धंद्यात आहे आणि त्यांची साधी रीसलिंग एकदम ड्राय, म्हणजे गोडी नसलेली, लिंबासारखी आंबट-चरचरीत. अल्सासची दुसरी कुठली घेत असाल तर २०२१ च्या हंगामापासून लेबलवर गोडी लिहिणं कम्पल्सरी झालंय, 'सेक' (Sec) म्हणजे ड्राय, 'म्वालो' (Moelleux) दिसलं तर ती गोड, सरळ परत ठेवा. गार करायला नुसता बर्फ नको, बर्फात पाणी नि मूठभर मीठ टाकून बाटली गळ्यापर्यंत बुडवा, पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. पण ८ ते १० डिग्री बास, फार थंडगार केली तर वासच लागत नाही. सोबत तळलेली सुरमई भारी, नारळाचं कालवण मात्र नको (हे आपलं माझं मत).